अमीरचा तिसरा घाव

माझ्या मुलानं माझा फोन काढून घेतला. बासष्ट वर्षांच्या आईचा फोन, तोही सुना-नाती बघत असताना. मंगळवारी भर दुपारी त्यानं गाडी दारात उभी केली, बूट न काढता चटईवर आला, चहा नको म्हणाला आणि हात पुढं केला. मला वाटलं, त्याचा बंद पडला असेल, कुणाला तरी लावायचा असेल. मी दिला. त्यानं मागचं झाकण उघडून आतलं कार्ड काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि रिकामं डबडं माझ्या मांडीवर परत ठेवलं.

"काही दिवस कुणाशी बोलू नकोस, आई."

"कुणाशी म्हणजे?"

"कुणाशीच नको."

"का रे? माझं तोंड आता सरकारजमा झालं का?"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी हसला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. बुटांची माती चटईवर सोडून निघून गेला. ती माती मी संध्याकाळपर्यंत झाडली नाही, कुणाला झाडू दिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, की बघा, कॅप्टनसाहेब घरी येऊन गेले.

शिरवा माझा धाकटा. आमच्या मुलखाच्या सैन्यात कॅप्टन आहे. बोसासो बंदरापासून एका दिवसाच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी आमचं हबगले गाव. वर गुहांत ते काळ्या झेंड्याचे लोक येऊन बसले, त्याला चार वर्षं झाली. आता चार महिने त्यांना हुसकायचं काम चाललंय. पुढं चालतात ती आमची पोरं, पायी, सुरुंगांवरून. मागं परदेशी लोक, त्यांची विमानं आणि त्यांची यंत्रं. त्यांची माणसं फारशी दिसत नाहीत, पण आभाळात दिवसभर गुणगुण चालू असते. शेळ्यासुद्धा आता मान वर करत नाहीत. माझ्या जन्मात या गावातून किती तऱ्हेचे सैनिक गेले याचा हिशोब मी ठेवलेला नाही. सगळ्यांना पाणी हवं असतं, सगळे म्हणतात की थोडेच दिवस. मला आता ऐकूनच दमायला होतं.

पंधरा दिवसांपूर्वी हुकूम निघाला होता, की डोंगरावरच्या सगळ्यांनी खाली यायचं. सगळे आले. माझा भाऊ बुराले आला नाही.

बुरालेचं कारण त्याची झाडं. आमच्या आजोबांपासूनची धुपाची झाडं वर खडकात आहेत. तासणीनं सालीला घाव घालायचा, पंधरा-वीस दिवस थांबायचं, सुटलेला डिंक खरवडायचा, पुन्हा त्याच जागी घाव. पहिल्या घावाचा डिंक टाकाऊच. दुसऱ्यात साल न् धूळ फार. तिसऱ्या घावाचा खरा, थेंबासारखा पांढरा. तो खाली आला की आम्ही बायका निवडायला बसतो. दोन घाव घालून तिसरा न घालता झाड सोडलं, तर वर्ष वाया गेलं. बुराले अडुसष्ट वर्षांचा आहे आणि उन्हाळाभर तिथंच गुहेत राहतो. हाताखालचे दोघे गडी हुकूम ऐकून पळाले, हा एकटा राहिला.

रोज दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की तो एका उंच खडकावर चढायचा, कारण तेवढ्या एका जागी फोन लागतो. मी लावायची, दहा-बारा वाक्यं बोलायची, की कळलं, आहे जिवंत.

आणि मी त्याला अमीर म्हणते. सगळं गाव म्हणतं. आमच्यात टोपणनावाशिवाय माणूस सापडत नाही. नुसता महंमद म्हणाल तर अकरा जण वळून बघतील. पाण्याचा टँकर चालवतो तो वाकडमान्या. माझा नवरा उंदीरकान्या, त्याच नावानं लग्नाला उभा राहिला आणि त्याच नावानं पुरला गेला. बुराले लहानपणी काही न करता नुसते हुकूम सोडायचा. शेळ्यांना, आम्हा बहिणींना, वाऱ्यालासुद्धा. तेव्हा मी त्याला अमीर म्हटलं, म्हणजे हुकूम सोडणारा सरदार, आणि ते चिकटलं. वरचे ते लोक आपल्या म्होरक्याला अमीर म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण ते काल आले. आमचं नाव पंचावन्न वर्षांचं. मी कशाला बदलू?

मंगळवारी फोन गेला. असरला मी रिकामं डबडं हातात घेऊन बसले. बुधवारीही फोन नव्हता.

बुधवारी दुपारी शिरवाचा एक शिपाई आला, फारह नावाचा. आमच्याच नात्यातला, लांबचा भाचा लागतो. कपाळावर हे एवढं टेंगूळ.

"काय रे, कुणी मारलं?"

"तुझ्या अमीरनं, मावशी."

तो दारातच उकिडवा बसला आणि सांगायला लागला. शिरवानं त्याला आणि आणखी एकाला गुपचूप वर पाठवलं होतं, मामाला घेऊन या म्हणून. बुरालेनं लांबून गणवेश बघितले आणि दगड फेकायला सुरुवात केली. ओरडून म्हणाला, गणवेशवाल्यांच्या मागं मी कधी गेलो नाही, जाणार नाही. माझ्या बहिणीला सांगू दे, मग बघू. आणि शेळीसारखा आणखी वरच्या गुहेत चढून गेला.

"मग असू दे वर," मी म्हणाले. "चार दिवसांनी ताळ्यावर येईल."

फारहनं टेंगळावर हात ठेवला. "चार दिवस नाहीत, मावशी. उद्या त्या गुहेवर विमान यायचंय. त्यांच्या यादीत आहे ती. अमीर बसलाय म्हणून."

"कोण अमीर?"

बिचाऱ्याला ते तोंडानं म्हणवेना. मग मला कळलं.

मी ओढणी आणि फोनचं रिकामं डबडं घेतलं. वाकडमान्याचा टँकर छावणीवर पाणी टाकायला निघाला होता. मी पुढं चढून बसले. त्यानं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "गप्प चालव."

छावणीच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "आजी, बायकांना आत सोडत नाहीत."

"मी तुमच्या कॅप्टनची आई. सोडत नसशील तर गोळी घाल, म्हणजे निदान उन्हात उभी तरी राहणार नाही."

त्यानं सोडलं.

तंबूत आमचा कर्नल होता. साठीला आला तरी त्याला अजून दूधदात्या म्हणतात. एक परदेशी अधिकारी होता, मान उन्हानं लाल झालेला, आणि त्यांचा दुभाषा झकारिये. हा झकारिये आमच्याच रक्ताचा, पण वाढला कुठंतरी बर्फात, त्यामुळं आमची भाषा सहा वर्षांच्या लेकरासारखी बोलतो. शिरवा कोपऱ्यात नकाशापाशी उभा होता. मला बघून त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं बसतो की काय खाली.

मी सरळ सांगायला सुरुवात केली. वर गुहेत माझा भाऊ आहे. म्हातारा आहे, हट्टी आहे, मूर्ख आहे, झाडांपायी बसलाय. त्याला उडवायला निघालेल्यांच्या अकलेबद्दलही चार शब्द बोलले. बराच वेळ बोलले. झकारियेनं तीन शब्दांत सांगितलं.

"मी एवढं बोलले, आणि तू एवढंसंच?"

"मावशी, शिव्या गाळल्या."

"त्या आधी सांग."

लालमान्यानं हात वर केला. शांत माणूस होता, तेवढं कबूल करते. तो काहीतरी म्हणाला आणि झकारियेनं टेबलावरच्या यंत्राचं बटण दाबलं. खरखर झाली, आणि त्यातून माझा आवाज आला.

"काय अमीर, आज काय हुकूम?"

"कसले हुकूम! दोघं पळाले. एकटाच आहे."

"दुसऱ्या घावाचं काय झालं?"

"चार पोती भरलीत. गुहेत लपवलीत."

"आणि तिसरा?"

"शुक्रवारी पहाटे. तिसरा घाव बघ कसा बसतो ते! सगळे विसरून जातील पहिले दोन."

यंत्र बंद झालं. गेल्या महिन्यात आमच्या दोन चौक्या उडाल्या होत्या, एकीमागून एक. हे लोक तिसऱ्याची वाट बघत बसले होते. आमच्या तोंडून ते त्यांना मिळालं होतं, दिवस-वारासकट.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पाय दुखत होते, म्हणून न विचारता खोक्यावर बसले.

मग सगळं सांगितलं, झाड, साल, तासणी, पंधरा दिवस. माझ्या ओढणीच्या गाठीत नेहमी डिंकाचे चार खडे असतात, चघळायला. ते टेबलावर, नकाशाच्या मधोमध ठेवले. म्हटलं, हा तिसरा घाव, मागच्या वर्षीचा. दूधदात्यानं एक उचलून तोंडात टाकला, चावला आणि मान हलवली. लालमान्यानं एक खडा नाकाशी नेला. मग त्यानं विचारलं, की म्हाताऱ्याला अमीर का म्हणता?

"याला विचार, याला काय म्हणतात," मी कर्नलकडं बोट दाखवलं. "आणि बाहेर पाणी टाकतोय त्याची मान बघून ये. आणि तुझंही नाव ठेवलंय गावानं, तू इथं आलास त्याच दिवशी."

झकारियेनं हे सगळं सांगितलं. लालमान्या पहिल्यांदाच हसला. "काय नाव?"

"झकारिये, ते सांगू नकोस," कर्नल म्हणाला.

सगळे हसले. मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात लालमान्या हसणं थांबवून काहीतरी म्हणाला, सहजच, रागानं नाही. झकारियेनं माझ्याकडं बघितलं, मग शिरवाकडं.

"काय म्हणतो?"

"म्हणतो... म्हणतो, हे बोलणं आम्ही सोमवारी कॅप्टनला ऐकवलं होतं. तो इथलाच, म्हणून. तो म्हणाला, या बाईला मी ओळखत नाही."

तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. बाहेर वाकडमान्याच्या नळाचं पाणी पिंपात पडत होतं, ते सगळं मला ऐकू येत होतं. शिरवा नकाशाकडं बघत होता. नकाशावर काही नव्हतं बघण्यासारखं, माझे खडे सोडले तर.

मी म्हणाले, "त्याचा डावा कान गेलेलाय. गोवर आला होता पाचव्या वर्षी, तेव्हापासून वाहतो. समोर बोललं तर ऐकू येतं. यंत्रातून आलं, की बाप काय आणि बोकड काय, त्याला सगळे सारखेच."

झकारियेनं सांगितलं. लालमान्यानं मान डोलावली, कॅप्टनकडं दयेनं बघितलं. शिरवाला जन्मात गोवर आलेला नाही. दूधदात्या हसला नाही. तो डिंक चघळत माझ्याकडं बघत राहिला, आणि मी त्याच्याकडं.

मग मी म्हणाले, फोन लावा त्याला, आमच्यासमोर. असर होऊन थोडाच वेळ झाला होता. शिरवानं टेबलाआडून कार्ड माझ्या मुठीत सरकवलं, मी ते डबड्यात घातलं. फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला. वाजला. वाजत राहिला.

"दोन दिवस कुठं मेली होतीस?" बुराले ओरडला.

"खाली ये."

"शुक्रवारी घाव घालतो. डिंक सुटला की येतो. वीस दिवस धर."

"आत्ता ये. निघ."

"वा! आणि अमीरला कोण हुकूम सोडतंय?"

झकारिये लालमान्याच्या कानाशी लागून एकेक शब्द सांगत होता. मी पाच-सहा धमक्या मनात तयार केल्या, भांडणात मी कधी हरलेली नाही. पण मला भांडायचाच कंटाळा आला. त्या आवाजामागं वारा ऐकू येत होता, म्हणजे तो खडकाच्या टोकावर उभा होता, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा.

"बुराले," मी म्हणाले.

पंचावन्न वर्षांत मी त्याला त्याच्या नावानं हाक मारली नव्हती. आई गेली तेवढा एक दिवस सोडून.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"अजून कुणी नाही."



"येतो," तो म्हणाला.

मगरिबच्या आधी, सूर्य बुडायच्या बेताला तो उतरला. खांद्यावर एकच पोतं. पायथ्याशी पहाऱ्यावरच्या पोरांनी त्याला सदरा वर करायला लावला, कमरेला काही बांधलंय का बघायला. त्या वेळी मी तिकडं पाठ केली. फासळ्या मोजता येतात त्याच्या. लालमान्यानं छातीवर हात ठेवून त्याला सलाम केला, मग शिरवाची पाठ थोपटून म्हणाला, की इथली माणसं इथल्या माणसालाच कळतात. झकारियेनं हे मला न विचारताच सांगितलं.

गुरुवारी विमानं आली, पण पलीकडच्या खोऱ्यावर. काळ्या झेंड्याचे खरे लोक तिथंच होते, मी खोटं कशाला बोलू. शुक्रवारी आमची पोरं पायी आत शिरली. शिरवा पुढं होता, हेही खरं, सगळे सांगतात. त्याच्या तुकडीतले तीन जण सुरुंगावर गेले. फारह त्यातला एक. त्या टेंगळासकट आम्ही त्याला पुरला.

बुरालेची झाडं वर तशीच राहिली, दोन घाव घेऊन. डोंगर महिनाभर बंद आहे. तो माझ्या अंगणात भिंतीला टेकून बसतो, दिवसभर गप्प. हुकूमही सोडत नाही. मी एकदा सवयीनं अमीर म्हणून हाक मारली, तर मान वर केली नाही. आमच्या शेजारणीनं विचारलं, भावाला काय झालं? मी तिला म्हटलं, तुझं तू बघ.

रविवारी शिरवा घरी आला. या वेळी बूट बाहेर काढले. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. भात आणि बोकडाचं मटण वाढलं, ते त्यानं अर्धं टाकलं. खाताना बुरालेकडं बघत म्हणाला, "मामा, मी माणसं पाठवली होती तुम्हाला आणायला."

"हो," बुराले म्हणाला. "त्यातलं एक आता नाही. आणि त्याला शेवटचा दगड मी मारला." तो उठला आणि बाहेर गेला.

मी सुनेला सांगितलं, लेकरांना घेऊन विहिरीवर जा. दार लोटलं. शिरवाला कळलं. तो आपणहून बोलायला लागला. त्याच्याआधी एका कॅप्टनचा चुलतभाऊ वर त्यांच्यात निघाला, तर त्या कॅप्टनला पहाऱ्यात बोसासोला नेलं, अजून पत्ता नाही. आणि यानं तर डोंगर रिकामा झाला म्हणून सही करून दिली होती. तंबूत माझा आवाज लागला तेव्हा सगळे त्याच्याच तोंडाकडं बघत होते. तोंडातून निघून गेलं. मग वाटलं, गुपचूप सोडवू. फोन बंद केला, माणसं पाठवली.

"आणि तू कानाचं सांगितलंस, तेव्हा," तो म्हणाला, "आई, तू मला वाचवलंस."

खरं सांगायचं तर मला त्याला जवळ घेऊन झोपवायचं होतं. एवढा दमलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. मी माझ्याच गुडघ्यावर हात दाबून धरला.

"मी तुला नाही वाचवलं," मी म्हणाले. "परक्यांसमोर माझ्या घराची अब्रू झाकली. आता ऐक. ते नाव मी ठेवलं, वर त्यांचा अमीर येऊन बसला तरी मी सोडलं नाही. तो दोष माझा, गावात कुणी विचारलं तर मीच सांगेन. तू माणसं पाठवलीस तेही माझ्या ध्यानात आहे. पण मंगळवारी इथं या चटईवर उभा राहून तू मला एवढं सांगू शकला असतास, की आई, मामाला खाली बोलाव. तू फोन घेतलास, आणि ज्याच्या शब्दावर तो उतरला असता ते एकच तोंड बंद केलंस. फारहला वर जावं लागलं ते त्यामुळं. उद्या बुराले मेला असता तर तू येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला असतास, आणि मी काही न कळता तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता. ते मला सहन होत नाही. तर तू कर्नलला जाऊन सांगायचं, की तो आवाज माझ्या आईचा होता आणि मला तो पहिल्या शब्दाला कळला होता. त्याला ते ठाऊक आहे, तरी तुझ्या तोंडानं सांगायचं. मग तो तुला ठेवो नाहीतर बोसासोला पाठवो. आलास तर या घरात तुला जेवायला आहे, पाठवलं तर मी मागं येईन आणि फाटकाशी बसेन. पण ते सांगितल्याशिवाय मला आई म्हणून हाक मारू नकोस. आत्ता नको जाऊ. आत्ता झोप, तीन दिवस झोपला नाहीस. उठलास की जा."